गल्लीतलं कुत्रं आणि घरातलं लेकरू

दिवाळी सरली की आपल्या पांढुर्ण्याजवळच्या सावरगावात दोन गोष्टी हमखास दिसायला लागतात. बाजारात संत्री आणि गल्लीबोळांत पिल्लं. कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या बांधकामाच्या वाळूवर, कुणाच्या कोठ्यातल्या कुटारात. डोळे उघडले नाहीत तोवर गल्लीतल्या पोरांनी त्यांची नावं ठेवलेली असतात. आणि मग एका दुपारी शाळेतून आलेलं लेकरू दप्तर खाली न टाकताच विचारतं, "आई, एक घेऊन येऊ?"

पुढचं बोलणं सगळ्या घरांत सारखंच. "नाही." "काहून?" "नाही म्हटलं ना." "मी सांभाळीन सगळं, तुला काहीच करावं लागणार नाही." "आधी स्वतःचं दप्तर सांभाळ." संपलं. गॅसवर भाजी असते, हात पिठाचे असतात, दारात कुणी तरी हाका मारत असतं. एवढ्या घाईत यापेक्षा लांब उत्तर कुणाला सुचतं?

आणि खरं सांगू का, आपलं 'नाही' चुकीचं नसतंच. दोन खोल्यांचं घर, वर भाड्याचं. सासूबाईंचं सोवळं. कुणाला दमा. लग्नकार्याला चार दिवस नागपूरला जायचं तर कुत्र्याला कुठं ठेवायचं? कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं. आज चौथीत असलेलं पोरगं तोवर नागपूरला नाहीतर इंदूरला कॉलेजात गेलेलं असेल आणि त्याचं कुत्रं आपल्या पायात घोटाळत असेल. हा हिशेब आपण मनातल्या मनात केलेला असतो, लेकराला सांगायला वेळ मिळत नाही इतकंच. लेकराला फक्त 'नाही' ऐकू येतं.

मला वाटतं, त्या वयात लेकराला कुत्रं हवं असतं त्यापेक्षा आपली गरज असणारं कुणी तरी हवं असतं. घरात त्याला सांगणारे सगळेच. हे खा, ते लिही, तिकडं जाऊ नको, मोबाइल ठेव. शाळेत सर सांगतात, ट्यूशनला मॅडम सांगतात. त्याच्यापेक्षा लहान, त्याच्यावर अवलंबून असलेलं, तो आला म्हणून शेपूट हलवणारं असं गल्लीत एकच असतं. त्याच्यासाठी ते पिल्लू म्हणजे मोठं होण्याची पहिली संधी असते. ती आपण 'नाही' म्हणून काढून घेतली तर लेकरू ती चोरून मिळवतं.

आपल्या काळजीची खरी जागा तिथंच आहे.

चोरून काय होतं ते आपल्याला कळतच नाही. डब्यातली अर्धी पोळी, आजीनं दिलेल्या दहा रुपयांचं बिस्किट, जिन्यामागं बसून काढलेला अर्धा तास. यात वाईट काही नाही. पण एखाद्या दिवशी पिल्लाचा दात लागतो, नाहीतर पिल्लाच्या आईचं नख ओरबाडून जातं. रक्ताचा एक ठिपका. लेकरू घरी येतं, नळावर पाय धुतं आणि गप्प बसतं. का? आपण बजावलेलं असतं ना, "कुत्र्याजवळ दिसलास तर बघ!" त्याला कुत्र्याच्या दातापेक्षा आपल्या रागाची भीती जास्त वाटते.

रेबीजच्या बाबतीत हे गप्प बसणं जिवावर बेतू शकतं. एकदा लक्षणं दिसू लागली की या रोगातून माणूस जवळपास कधीच वाचत नाही, पण त्याआधी वेळेवर लस घेतली तर तो जवळजवळ हमखास टळतो. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यांच्या चाव्यातूनच येतो. आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की रेबीजचा संशय असलेला प्राणी चावलेल्यांत साधारण 40 टक्के पंधरा वर्षांच्या आतली मुलं असतात. लहान पिल्लाचा ओरखडासुद्धा यात मोजायचा. "एवढंसं तर पिल्लू आहे" असं म्हणायचं नाही.

म्हणून लेकराला कुत्र्यांपासून तोडण्यापेक्षा त्याला आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या सोबतीनं कुत्र्यांसाठी काही करू द्यावं या मताची मी आहे. घरात पाळायचं नाही म्हणजे नाहीच, पण गल्लीतल्या कुत्र्यांची थोडी जबाबदारी त्याच्या वाट्याला येऊ द्यायची. जे उघड करायला मिळतं ते मूल लपवत नाही. आणि जे लपवत नाही ते दुखलं-खुपलं की आधी आपल्याकडं येतं.

आता करायचं काय? सगळ्यात सोपं पाणी. मार्च-एप्रिलपासून आपल्याकडं ऊन कसं लागतं ते वेगळं सांगायला नको, जाम नदीच्या पात्रात तेव्हा पाण्यापेक्षा दगडच जास्त दिसतात. एक मातीचं पसरट कुंडं किंवा जुना गंज दाराबाहेर सावलीत ठेवायचा. तो रोज रिकामा करून, घासून पुन्हा भरणं हे लेकराचं काम. रोज म्हणजे रोज, कारण साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात आणि मग शेजारच्या काकू भांडायला येतात, ते बरोबरच असतं. आपल्याला आठवण करून द्यावी लागेल का? लागेल. पहिल्या आठवड्यानंतर तर नक्कीच लागेल. आपण काय, जिमची फी भरून आठ दिवसांत थांबणारी माणसं. लेकराकडून आपल्यापेक्षा जास्त चिकाटीची अपेक्षा कशाला?

खायला घालण्याची गोष्ट जरा नाजूक आहे. पहिली पोळी गाईची, शेवटची कुत्र्याची, हे आपल्या घरांत चालत आलेलं आहे. नामदेवांची तर भाकरी घेऊन कुत्रं पळालं तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, ही गोष्ट प्रत्येक आजीनं सांगितलेली असते. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री पायाशी असतात आणि तसबिरीखाली उभं राहून आपण दारातल्याला "हाड" म्हणतो. असो.

पण नुसतं रस्त्यात टाकून निघून जायचं नाही. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून द्यायला सांगितलं आहे, ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, इमारतीच्या दारापासून दूर हवी. सर्वोच्च न्यायालयानंही 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात रस्त्यावर कुठंही खायला न घालता ठरलेल्या जागीच घालावं असं म्हटलं आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वेस्टेशन यांच्या आवारांतून भटकी कुत्री हलवायचा आदेश झाला. तेव्हा शाळेच्या फाटकाशी डबा उपडा करायची सवय लेकराला लागली असेल तर ती प्रेमानं मोडा. आपल्या पार्षदाला विचारून गल्लीच्या टोकाला एखादी जागा ठरवा, वेळ ठरवा आणि मोठं माणूस सोबत असू द्या. संध्याकाळी दहा मिनिटं. तेवढ्या दहा मिनिटांत लेकरू शाळेतल्या चार गोष्टी आपसूक सांगून जातं, हा आपला फायदा.

वरणात कुस्करलेली पोळी, भात, एखादं उकडलेलं अंडं चालतं. कांदा-लसणाची भाजी, चॉकलेट, द्राक्षं, मनुका नको. शिजवलेल्या कोंबडीचं हाड नको, ते चिरफाळतं आणि आतड्यात टोचतं. बिस्किट म्हणजे जेवण नव्हे, हे लेकरांना पटत नाही, पण सांगत राहायचं. खाऊन झालं की जागा झाडून घ्यायची. कुत्र्यावर जीव असलेल्या माणसानं शेजाऱ्याच्या दारात उष्टं ठेवलं की त्याचा राग कुत्र्यावरच निघतो.

पिल्लांसाठी काही करायचं असेल तर त्यांच्या आईसाठी करा. लेकरं पिल्लू उचलून आणतात, वाटीत गाईचं दूध घालतात, त्याला हगवण लागते. आंघोळ घालतात, ते थंडीनं कुडकुडतं. पिल्लाला निदान आठ आठवडे आई लागते. आईला पोटभर मिळालं की पिल्लांना मिळतं. जिन्याखाली एक कोरडं पोतं, वरून आडोसा, बस. व्यालेली कुत्री आपल्याला ओळखत असली तरी पिल्लांजवळ गेलं की अंगावर येते. जेवत असलेल्या, झोपलेल्या आणि पिल्लांना पाजत असलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, हे तीन नियम लेकराकडून घोकून घ्या. अंगावर कुत्रं आलं तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. हात अंगाशी धरून झाडासारखं उभं राहायचं. अंगणात याचा खेळ करून पाहा, आपण कुत्रं व्हायचं आणि लेकरानं झाड. हसून हसून पोट दुखतं, पण लक्षात राहतं.

आणि दगड. हे आपल्या गावात बोलायला जरा जड जातं. पोळ्याला आपण बैलांचे पाय धुतो, त्यांना पुरणपोळी चारतो आणि दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात पळसाचं झाड रोवून सावरगाव आणि पांढुर्णा एकमेकांवर दगड फेकायला समोरासमोर उभे राहतात. गोटमार ही परंपरा आहे, त्यावर मी इथं मत देत बसत नाही, त्यासाठी गावात पुष्कळ ओटे आहेत. पण ती वर्षातून एक दिवस. कुत्र्यांवरची गोटमार आपल्याकडं बारमाही चालते. कुत्रं दिसलं की खाली वाकायचं, हे लेकरू चालायला लागलं की आपणच त्याला शिकवतो, भीतीपोटी. आणि दगड खाल्लेलं कुत्रं पुढच्या लेकराला लांबूनच दात दाखवतं. भीतीनं भीती वाढते. लेकरासमोर एकदा तरी दगड न उचलता कुत्र्याजवळून शांतपणे जाऊन दाखवा, तेवढं त्याला पुरतं.

जरा मोठ्या मुलांसाठी मला सगळ्यात आवडलेलं काम वहीचं आहे. दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर त्याला एक जुनी वही द्या आणि गल्लीतल्या कुत्र्यांची नोंद करायला लावा. रंग, नर की मादी, कुठं झोपतं, लंगडतं का, पिल्लं किती. आणि कानाचं टोक कापलेलं आहे का. नसबंदी केलेल्या कुत्र्याच्या कानाला अशी खूण करतात, म्हणजे पुन्हा त्यालाच पकडून नेऊ नये. ही खूण आपल्यापैकी कितींना माहीत असते? 'भांडणात कान तुटला बिचाऱ्याचा' असंच आपण समजतो. नसबंदी आणि लसीकरण करून गल्लीतल्या कुत्र्याला होतं त्याच जागी परत सोडायचं, हा नियम आहे. ही जबाबदारी स्थानिक संस्थेची असते. पोरांनी आपल्या वहीवरून एक अर्ज लिहावा, शाळेत हिंदी शिकतातच, तर हिंदीत लिहावा, की आमच्या गल्लीत इतकी कुत्री, त्यातली इतकी बिनखुणेची, यांची नसबंदी आणि लसीकरण करावं. खाली गल्लीतल्या मोठ्यांच्या सह्या. 2023 पासून पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण झालं आहे, वर अर्ज द्यायचा झाला तरी आता छिंदवाड्याला धावायला नको. अर्जाचं उत्तर येईल की नाही, लगेच येईल की उशिरा, ते लेकरालाही कळू द्या. पोच घेऊन ठेवायला मात्र शिकवा.

वहीतली नोंद ही पोरखेळ वाटेल. पण गोव्यात 2013 ते 2019 या काळात रेबीजविरुद्ध जी मोहीम चालली तिची सगळी मदार नोंदींवरच होती. कुठल्या भागातल्या किती कुत्र्यांना लस झाली हे स्मार्टफोनवर टिपत तिथल्या चमूंनी 95 हजारांहून जास्त कुत्र्यांना, म्हणजे 70 टक्क्यांना, लस टोचली. कुत्र्यांतल्या रेबीजचं महिन्याचं प्रमाण 92 टक्क्यांनी खाली आलं आणि माणसांतला रेबीज थांबला. त्या मोहिमेत दरवर्षी दीड लाख मुलांना कुत्र्यांशी कसं वागावं आणि चावलं तर काय करावं ते शिकवलं गेलं. कुत्र्यांना लस आणि मुलांना समज, दोन्ही एकाच वेळी.

ज्यांचा संत्र्याचा बगीचा आहे त्यांच्या घरी तर कुत्रं पाळायचं की नाही हा प्रश्नच वेगळा. बगीच्यात राखणीला कुत्रं असतंच, घरातल्या लेकराला ते आपलं वाटत नाही इतकंच. त्याला वर्षातून एकदा ढोरांच्या दवाखान्यात नेऊन रेबीजची लस देणं, साखळी आखूड असेल तर लांब करणं, उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या पाण्याचं बघणं हे लेकराच्या नावावर करा. बाबांबरोबर मोटरसायकलवर बगीच्यात जायला त्याला तेवढंच निमित्त.

जखमी कुत्रं दिसलं की मुलं धावतात. त्यांना एवढंच सांगून ठेवा की हात लावायचा नाही, आधी मोठ्या माणसाला बोलवायचं. दुखणाऱ्या कुत्र्याला आपला-परका कळत नाही. मध्यप्रदेशात पशुपालन खात्याचा 1962 हा टोल-फ्री नंबर आहे, त्यावर फोन करून पशुचिकित्सेची गाडी बोलावण्याची सोय आहे. फोन मोठ्यांनी करावा, पण लेकराला शेजारी उभं करून. मदत मागायची कशी, पत्ता सांगायचा कसा, हे त्याला दुसरीकडं कुठं शिकायला मिळणार?

नागपूर-पुणे-मुंबईला असलेल्या आपल्या भाच्या-पुतण्यांना आणखी वाटा आहेत. मुंबईत 'वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज', पुण्यात 'रेस्क्यू' अशा संस्थांबरोबर स्वयंसेवक म्हणून काम करता येतं, आजारी किंवा पोरक्या पिल्लाला घर मिळेपर्यंत थोडे दिवस सांभाळायलाही लोक घेतात. हे थोड्या दिवसांचं पालकत्व लहान मुलांच्या घरात मात्र विचार करूनच घ्यावं. पिल्लू परत द्यायचं आहे हे मोठ्यांना माहीत असतं. मुलाला ते सांगून कळत नाही.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल आपण बोलायचं टाळतो. यातली बरीच पिल्लं जगत नाहीत. थंडीत रक्ताची हगवण लागते, दोन दिवसांत खेळ संपतो. नाहीतर ट्रॅक्टरखाली येतं. लेकरू रडत घरी येतं आणि आपण म्हणतो, "त्यात काय रडायचं, कुत्रंच तर होतं. चल, जेवून घे." आपल्याला त्याचं रडणं बघवत नाही म्हणून आपण घाई करतो, हे मला कळतं. पण त्याच्यासाठी ते पहिलं मरण असतं. आणि मनात एक बारीक प्रश्न असतो, 'मी काल पोळी द्यायला गेलो नव्हतो म्हणून तर नाही ना मेलं?' हा प्रश्न लेकरं तोंडानं विचारत नाहीत. आपणच सांगावं लागतं की नाही रे, आजार होता, तुझ्यामुळं नाही. जेवण अर्धा तास उशिरा झालं तरी चालेल. जमलं तर पिल्लाला खड्डा करून पुरायला बाबांनी जावं, लेकराला सोबत यायचं असेल तर येऊ द्यावं. आणि "दुसरं आणू" असं मात्र म्हणू नये.

एवढं सगळं करूनही कधी तरी ओरखडा येणारच. तेव्हा काय करायचं ते आज, शांतपणे, लेकराला आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगून ठेवा. नळाखाली वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. लगेच सरकारी दवाखान्यात जायचं, तिथं लस मोफत मिळते. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही द्यावं लागतं. आजोबांच्या आठवणीतली पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच बंद झाली. आता बहुधा दंडात लस टोचतात. कातडीत दिली तर पहिल्या दिवशी, मग तो दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत दिली तर चौदाव्या दिवशी आणखी एक. मधली तारीख चुकवायची नाही, लग्न असो की पेपर.

आणि लेकरू स्वतःहून येऊन "आई, मला पिल्लाचा दात लागला" म्हणालं, तर आधी त्याला नळावर न्या. रागवायचंच असेल तर दवाखान्यातून आल्यावर रागवा.